हिंदकळणारी कॅन

आमच्या गावात डेअरीला दूध घालणं हे सरळ काम नव्हतं. सकाळी किटल्या आणि कॅन घेऊन माणसं डेअरीच्या ओट्यावर रांगेत उभी राहायची, आणि आत मापाशेजारी बसलेली चंद्राआत्या कॅनचं झाकण उघडायच्या आधी माणसाच्या तोंडाकडे बघायची. मग तिचा ठरलेला प्रश्न यायचा, “पोर प्यालं का?”

नुसतं “हो” म्हणून सुटका नव्हती. कधी प्यालं, सगळं प्यालं की अर्ध्यावर टाकून पळालं, हे तिला नीट ऐकायचं असे. उत्तर पटलं तर दूध मापात जाई. नाही पटलं तर ती झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवी आणि कॅन पायाने ओट्याच्या कडेला सरकवी. “जा घरी. पोराला पाज आन मग ये. तवर गाडी थांबवती मी.” गाडी म्हणजे दुधाचा टँकर. तो खरंच थांबायचा. ड्रायव्हरची काय बिशाद होती न थांबायची! त्याच्याही मुलांची चौकशी रोज होत असे.

मी आता पिंपळे सौदागरला राहते. आमच्या सोसायटीत सकाळी दाराच्या कडीला दुधाच्या पिशव्या लटकलेल्या असतात. हे दूध ज्या गावाहून आलं तिथल्या मुलांना ते मिळालं का, असा प्रश्न आमच्या मजल्यावर कुणाला पडत नाही. मला पडतो, आणि तो मला आत्यानं लावलेला आहे. एरवी मी कौतुकात सढळ हाताची बाई नाही, आमच्या चिंचवडच्या ऑफिसात कुणालाही विचारा. पण चंद्राआत्या आमच्या गावची आणि मी तिच्या शेजारच्या घरात वाढले, हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते.

आत्या उंच होती, हाडापेरानं दणकट. नऊवारी लुगडं, पदर कमरेला खोचलेला, दातांना मिश्री. आवाज असा की डेअरीच्या ओट्यावरून हाक मारली तर नदीपलीकडच्या रानातून “ओ” यावी. कुजबुजणं तिला जमत नसे. कुणाची गुप्त गोष्ट सांगायला लागली तरी ती चौकापर्यंत ऐकू जाई, म्हणून तिला कुणी गुप्त गोष्ट सांगतच नसे. आणि तिची एक खोड होती. समोर मूल आलं की ते कुणाचं, कितवीत आहे वगैरे विचारायच्या आधी ती त्याच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्यानं ओढून आत बघायची. आतलं लाल असलं तर सोडून द्यायची. फिकट असलं, म्हणजे अंगात रक्त कमी, तर “पांढरं हाय” असा निकाल तिथंच, सगळ्यांदेखत. हे तिला गावच्या अंगणवाडीच्या बाईंनी एकदा दाखवलं होतं, तिनं मात्र ते असं काही उचललं की गावातली मुलं तिला लांबून बघूनच डोळे गच्च मिटून घ्यायची.

ती गावची माहेरवाशीण. जुन्नरकडे दिली होती, नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नव्हतं, म्हणून धाकट्या भावानं, दत्ताकाकांनी, तिला परत आणलं. गावची लेक म्हटल्यावर सगळ्या घरांतले बापे तिचे भाऊ आणि सगळी पोरं तिची भाचरं. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा असतो. ती बाळाच्या कानात “कुर्रर्र” करून नाव सांगते आणि तेवढ्यात मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आमच्याकडे सख्खी आत्या हजर असली तरी कानात नाव सांगायला चंद्राआत्यालाच पुढं करत. तिच्या आवाजानं बाळ दचकून रडलं की बारसं नीट झालं असं समजत. त्यामुळे दूध घालायला आलेल्या एखाद्या गड्यानं “आत्या, तुला काय करायचंय माझ्या पोराचं?” असं विचारलंच, तर तिचं उत्तर तयार असे.

“नाव मी ठेवलंय. पाठीत धपाटं मी खाल्ल्यात. इचारनार!”

आता थोडं गावाबद्दल सांगायला हवं, नाही तर हा हट्ट तिला कुठून लागला ते कळायचं नाही. चाकणच्या पुढे भामा नदीच्या काठाला आमचं गाव. धरण व्हायच्या आधी तिथं पावसावरची बाजरी पिकायची आणि ती संपली की माणसं पिंपरी-चिंचवडला कंपन्यांच्या गेटवर हमाली शोधत उभी राहायची. दारात एखादी गावठी गाय. दोन्ही वेळचं मिळून तिचं तांब्याभर दूध. तेवढं दूध विकत घ्यायला कोण येणार होतं? ते पोरंच प्यायची.

मग धरण झालं, नदीला बारमाही पाणी राहिलं. घासगवत आलं, मका आला, जर्सी गाई आल्या. आजूबाजूच्या गावांच्या जमिनी कंपन्यांना गेल्या, आमचं शिवार मात्र हिरवंगार राहिलं आणि दुधाचा लोट वाहायला लागला. हमाली सुटली. पत्र्याच्या घरांवर स्लॅब पडले. पोरी कॉलेजात गेल्या. माझं सगळं शिक्षण दुधावर झालं, हे मी कुणापुढेही सांगते. शेतीनं आमच्या गावाची गरिबी घालवली, ही काही भाषणातली गोष्ट नाही, मी ती डोळ्यांनी पाहिली आहे.

पण दूध वाढलं तसं ते घरातून निघून गेलं. चरवीतलं दूध तसंच कॅनमध्ये, कॅन डेअरीत, डेअरीतून टँकर. आमच्याकडे कॅन काठोकाठ भरण्याला फार मान. काठोकाठ भरलेली कॅन गाडीवरून नेली तरी आवाज करत नाही. जरा कमी असली की आत दूध हिंदकळतं आणि वाजतं. कॅन वाजणं म्हणजे घरची लाज. “अमक्याची कॅन वाजती” असं म्हटलं की गाय आटली किंवा घरात खाणारी तोंडं फार झाली असा अर्थ निघे. म्हणून मग सकाळी पोरांना कोरा चहा आणि त्यात बुडवायला टोस्ट. यात कुणाला काही गैर वाटत नसे, कारण कुणी गैर वागतच नव्हतं. सगळे पोरांसाठीच तर राबत होते.

डेअरी आत्याकडे आली तीही गंमतच. गावच्या दूध संस्थेला डेअरीत सकाळ-संध्याकाळ बसणारं माणूस हवं होतं, आणि गडीमाणसं चाकणला कामाला लागलेली. कुणी तरी म्हणालं, “चंद्राआक्का रिकामीच असते, तिला बसवा.” ज्यांनी ज्यांनी तेव्हा माना डोलावल्या त्यांना पुढं त्याचा चांगलाच पस्तावा झाला.

एक दिवस अंगणवाडीत मुलांची वजनं झाली. त्यात दत्ताकाकांची धाकटी आरोही सगळ्यात हलकी निघाली. गावात सगळ्यात जास्त दूध ज्या घरचं, त्या घरची पोर सगळ्यात हलकी. अंगणवाडीच्या बाईंना दत्ताकाकांना हे सांगायचा धीर होईना. त्यांनी ते आत्याला सांगितलं. आत्यानं आरूला मांडीवर घेतलं, डोळ्याखालची कातडी ओढली आणि पहिल्यांदाच निकाल मोठ्यानं सांगितला नाही. माझी आई तिथं होती. ती म्हणायची, “वन्संचा आवाज गेलेला मी तेवढ्या एकाच येळंला बघितला.”

संध्याकाळी आत्यानं भावजयीला, सुनंदाकाकूंना, विचारलं, “आरू दूध पिती का गं?”

“चहात असतंय की, वन्सं.”

“चहा कोरा हाय तुमचा.”

सुनंदाकाकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, “काय करू मग? कॅन वाजली की हे घर डोक्यावर घेत्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर नेहमीसारखी रांग होती. मी वडिलांबरोबर आमची किटली घेऊन उभी होते, म्हणून पुढचं सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे. दत्ताकाकांनी कॅन पुढं सरकवली. आत्या हात मांडीवर ठेवून बसली होती.

“आरू प्याली का?”

काका हसले. “आक्का, लाइन खोळंबलीय. घे.”

“प्याली का, ते इचारते.”

“अगं, तुझ्याच घरचं दूध हाय हे!”

“म्हनून तर इचारते.” तिनं झाकण दाबलं आणि कॅन मागं सरकवली. “तिला पाजून आन. मग घेते.”

रांगेत कुणी तरी फिस्सकन हसलं. तिथंच घात झाला. दत्ताकाका मानी माणूस, गावात पुढं बसणारा. त्यांचा चेहरा लाल झाला आणि ते नको ते बोलून गेले. “सोताला पोर न्हाई, आन लोकांच्या पोरांचं मोजमाप करायला बसली!”

आत्यानं फक्त पुढच्या माणसाकडे मान वळवली आणि विचारलं, “पोर प्यालं का?” पुढचा माणूस म्हणजे माझे वडील. त्यांनी किटली उचलली आणि घरी परत चालू लागले. मीही त्यांच्या मागोमाग. त्या सकाळी आमच्या घरात पहिल्यांदा आधी पेले भरले गेले आणि मग किटली.

त्या दिवसापासून दत्ताकाकांनी दूध हायवेवर उभ्या राहणाऱ्या एका खाजगी टेम्पोला घालायला सुरुवात केली. आणि आत्या आपली वळकटी घेऊन डेअरीच्या मागच्या खोलीत, पेंडीच्या पोत्यांमध्ये राहायला गेली. आई तिला समजवायला गेली तर म्हणाली, “त्यानं काढलं न्हाई मला. मीच निघाले. त्याचं खायाचं आन त्याचीच कॅन परत लावायची, बरं दिसत न्हाई ते.” डोक्यावरचं छप्पर सोडलं, पण प्रश्न काही सोडला नाही. उलट तो आता रांगेतल्या प्रत्येकाला लागू झाला.

मग व्हायचं तेच झालं. दत्ताकाकांच्या मागोमाग आणखी घरं हायवेकडे वळली. सकाळी उठून बाईमाणसाला जबाब कोण देत बसणार? डेअरीचं दूध घटलं. संस्थेचे चेअरमन ओट्यावर येऊन बसले, घाम पुसत म्हणाले, “आत्या, टँकर बंद होईल हो. एवढ्याशा दुधासाठी ते गाडी पाठवायची न्हाईत. डेअरीला कुलूप लागंल. जरा नमतं घ्या.”

“घेते की,” आत्या म्हणाली. “पोरं प्याली की घेते.”

डेअरीला कुलूप लागलं तर तिला जायला जागा नव्हती. भावाच्या दारात मान खाली घालून जावं लागलं असतं. हे सगळ्या गावाला कळत होतं आणि तिलाही कळत होतं. आम्हा पोरींना तिची भीती वाटायची ती तेव्हा पहिल्यांदा कमी झाली आणि तिच्याबद्दल काळजी वाटायला लागली.

आयांनी मधला मार्ग काढला. आपल्याकडच्या बायका मधला मार्ग काढण्यात वस्ताद. मूल कडेवर घेऊनच डेअरीत यायचं आणि निघताना कॅनमध्ये बोट बुडवून त्याच्या वरच्या ओठावर फिरवायचं. छान पांढरी मिशी उमटायची. आत्या मिशी बघे, समाधानानं मान हलवे, दूध घेई. काही दिवस सगळा गाव मिशाळ पोरांनी भरून गेला. आमच्या घरचे पेलेही चार दिवसांतच मागे पडले होते, आणि माझी धाकटी बहीण शीतल हिलाही आईनं अशीच मिशी काढून आणली. त्या दिवशी आत्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं शीतलला जवळ ओढलं आणि म्हणाली, “हा कर.”

शीतलनं तोंड उघडून “हाऽऽ” केलं. आत्यानं वास घेतला.

“मिशी दुधाची आन वास चहाचा! टोस्टाचा बी येतोय.”

ओट्यावर हसू फुटलं. आई लाजेनं लालेलाल. पण आत्या हसली नाही, ओरडलीही नाही. तिनं आईच्याच किटलीतून मापभर दूध काढलं, शीतलपुढं धरलं आणि आईला अगदी हळू, तिला जमेल तेवढ्या हळू म्हणाली, “वैनी, मला फसवून काय मिळनार तुला? पोर तुझीच हाय ना?”

आई ते कधी विसरली नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गोठ्यात धार काढली की पहिला तांब्या घरात यायला लागला. आईनं ते पाणवठ्यावर चार बायकांना सांगितलं, त्यांनी आणखी चौघींना. बायकांनी त्याला नावच पाडलं, ‘आत्याचा तांब्या’. गड्यांना आधी पत्ताही नव्हता. धारा बायकाच काढतात. कॅन का वाजते हे विचारायला गोठ्यात कोण जातंय?

दत्ताकाका मात्र रोज सकाळी मोटारसायकलला कॅन अडकवून डेअरीवरून हायवेकडे जात. मुद्दाम डेअरीवरूनच, दुसरी वाट होती, तिनं जात नसत. त्यांची कॅन काठोकाठ, अजिबात आवाज न करणारी. आत्या मान वर करत नसे. पण गाडी पुढं निघून गेली की तिच्या हातातलं माप जरा वेळ तसंच राही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी गाडीचा आवाज आला आणि त्यात दुसराही आवाज होता. डबक, डबक, डबक. आत्यानं झटकन मान वर केली. “दत्ताची कॅन वाजती,” ती म्हणाली. गाडी न थांबता पुढं गेली. त्या दिवशी आत्यानं रांगेतल्या कुणाला एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि टँकरच्या ड्रायव्हरला आग्रह करून चहा पाजला, दुधाचा.

घरात काय घडलं होतं ते सुनंदाकाकूंनी नंतर आईला सांगितलं. आदल्या संध्याकाळी काकू चरवी खाली ठेवून नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “धारा मी काढते. पयला तांब्या माझ्या पोरीचा. न्हाई पटत तर उद्यापास्नं तुमी बसा गाईखाली.” दत्ताकाका गाईखाली बसणारा माणूस नव्हे. सकाळी हायवेवर टेम्पोवाल्यानं कॅन उचलून हलवली आणि खवचटपणे विचारलं, “काय पाटील, गाय आटली काय?” तेव्हा काकांच्या तोंडून पटकन निघून गेलं, “गाय न्हाई आटली. माझी पोर प्याली.”

हे काका स्वतः सांगत. म्हणत, “बोललो आन माझंच मला कळलं, की हे मी चुकीच्या मानसाला सांगतोय.”

दुसऱ्या सकाळी ते डेअरीच्या रांगेत येऊन उभे राहिले, सगळ्यात शेवटी. त्यांची पाळी आली. आत्यानं बाकीच्यांना विचारलं तसंच विचारलं, “पोर प्यालं का?” काकांनी कॅन दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्या कानाजवळ नेऊन हलवली. आत दूध हिंदकळलं. आत्यानं डोळे मिटून ते ऐकलं, मग झाकण उघडलं आणि दूध मापात ओतायला लागली.

“आक्का, घरी चल,” काका म्हणाले.

“येते. अंगाला पेंडीचा वास लागलाय. सुनंदाला म्हनावं पानी ठिव तापत.”

एवढ्यावर मिटलं. दत्ताकाका परत आले तसे बाकीचेही आले आणि डेअरीचं कुलूप टळलं. मला अजूनही वाटतं की एवढं मोठं भांडण इतक्या कमी शब्दांत मिटवायला फार मोठी माणसं लागतात.

पुढं एकदा दूध संघाचे साहेब जीप घेऊन चौकशीला आले. गाई वाढल्या, चारा वाढला, मग या गावचं दूध त्या मानानं का वाढत नाही? मधे कुणी चोरी करतं का? आत्यानं त्यांना ओट्यावर बसवलं. म्हणाली, “चोरी न्हाई साहेब. गाव प्यायला लागलंय.” साहेबांना आधी समजेना. समजल्यावर ते हसले आणि म्हणाले की शेजारची गावं संकलनात पुढं गेली, तुमचा नंबर पार खाली गेला. आत्या म्हणाली, “मग आमचा नंबर खालनं मोजा. पयला येतो का न्हाई बघा.”

तिला विकण्याचा राग नव्हता, हे नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढं काही जणांनी तिला उगाच जुन्या वळणाची करून टाकलं. ती म्हणायची, “इकू नका म्हनत न्हाई मी. इकल्याबिगर हे स्लॅब पडलं असतं व्हय? आधी घर, मग गाडी. एवढंच.” हे तिनं दुधापुरतंच ठेवलं नाही. चाकणच्या बाजाराला निघालेला टेम्पो अडवून वरची चांगली मेथीची जुडी ओढून काढायची आणि मालकाच्या हातात द्यायची. “ही घरी. किडकी न्या बाजारात.” किडकी बाजारात कोण नेणार! पण जुडी घरी जायची. आमच्याकडे चांगलं ते बाजाराला आणि फुटकं-किडकं ते घराला, हा पिढ्यांचा रिवाज. तो तिनं एकटीनं उलटा केला.

माझ्या मुलाच्या बारशाला ती पिंपळे सौदागरला आली, बसनं, मांडीवर दुधाची किटली घेऊन. गेटवर वॉचमननं अडवलं. वॉचमन परभणीकडचा. कुणाकडे जायचं, फ्लॅट नंबर काय, असं तो विचारायला लागला तर हिनंच त्याची हजेरी घेतली. मी खाली पोचले तेव्हा तो उठून उभा होता.

“पोरं कुठं असत्यात तुजी?”

“गावाकडंच हायत जी.”

“दुभतं हाय का?”

“हाव, दोन म्हशी हायत. सम्दं दूध डेअरीला जातंय.”

“आन पोरं?”

वॉचमन टोपी सारखी करायला लागला. आत्या म्हणाली, “लाव फोन बायकूला.” आणि त्या शहाण्या माणसानं खरंच लावला. वर बारशाच्या बायका खोळंबल्या होत्या, आणि खाली गेटवर आत्या फोनवर परभणीच्या एका अनोळखी सुनेला तांब्याचं प्रकरण समजावून सांगत होती, अशा आवाजात की फोनची गरज नव्हती. तो वॉचमन अजून आमच्याकडे आहे. गावाहून आला की मला आवर्जून सांगायचा, “ताई, आत्याला सांगा, लेकरं दूध पितेत.”

आरोही आता मोठी झाली. चांगली उंच, आत्याच्या हाडाची. आयटीआय करून चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी लागली. पहिल्या शिफ्टची बस सकाळी गावच्या फाट्यावर येते. मी माहेरी गेले होते तेव्हा आत्याला शेवटचं पाहिलं ते तिथं. डेअरीत आता मशीन आलं होतं, मापाचं काम तरुणांकडे गेलं होतं. गुडघे गेलेले, काठी टेकत ती फाट्यापर्यंत आली होती, दुसऱ्या हातात पेला. बस उभी. आत निळ्या युनिफॉर्ममधल्या पोरी खिडक्यांतून वाकून बघत होत्या. आरू पायरीजवळ उभी राहून गटागटा दूध पीत होती.

“आत्या, सगळे बघतायत गं!”

“बघू दे की. हा कर.”

आरूनं “हाऽऽ” केलं. मग आत्यानं काठी काखेत धरली, अंगठ्यानं तिच्या डोळ्याखालची कातडी ओढली आणि फाट्यावरच्या यच्चयावत माणसांना ऐकू जाईल असं म्हणाली, “लालभडक हाय! जा आता.” आरू ओठ पुसायला गेली तर तिनं हात धरला. “पुसू नगं. दिसू दे.” पोर पांढरी मिशी घेऊन बसमध्ये चढली. आत्या रिकामा पेला छातीशी धरून बस वळेपर्यंत बघत राहिली. एवढा अभिमान मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही, आणि मला तेव्हा रडू आलं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्याच थंडीत आत्या गेली. झोपेतच, कुणाला त्रास न देता. तिच्या दहाव्याला आलेल्या माणसांत तिनं नावं ठेवलेलीच निम्मी होती.

त्यानंतर मी माहेरी गेले ती आत्याबरोबर तिचा तांब्याही गेला असेल, अशी धास्ती घेऊनच. सकाळी लवकर चिंचवडला परतायचं म्हणून फाट्यावर आले. धुकं होतं. कंपनीची बस उभी होती आणि तिच्या दारापाशी डोक्यावरून शाल घेतलेलं कुणी तरी हातात पेला धरून उभं होतं. जवळ गेले तर दत्ताकाका. आरूनं दूध संपवून पेला त्यांच्या हातात दिला आणि पायरीवर पाय ठेवला.

“थांब,” काका म्हणाले. “हा कर.”

बसचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून मुकाट थांबला होता.